आधीची नोकरी

"फिटर लिहून द्या न सर. काय जाते तुमचं?"

कालिंदी कोपरापर्यंत शेणात होती आणि रागात त्याहून वर. शनिवारी शाळा सुटली की मुलींचा संघ बास्केटबॉलचं मैदान सारवायचा. नाहीतर मातीवर चेंडू उसळत नाही, ढेकळावर आपटून भलतीकडेच पळतो. संघाला खेळ शिकवणारे गुणाकर सर सगळ्यांत पुढे, उजवा दुखरा गुडघा लांब करून बसलेले, हाताने एकेक पट्टा ओढत होते. बाप्या माणूस सारवतो म्हणून बालाघाटचे लोक सायकली थांबवून हसायचे.

मुख्याध्यापिका पुष्पलताबाई कागद घेऊन उभ्या होत्या. उद्या सिवनीच्या मुलींशी सामना, जिंकेल तो संघ जबलपूरला. आणि आज स्पर्धेच्या समितीचं पत्र आलं होतं : शाळेच्या बाकावर पेशेवर, म्हणजे पैसे घेऊन खेळलेला, खेळाडू बसू शकत नाही.

पेशेवर. जसं काही सरांनी कोणाचं घर फोडलं होतं.

चूक एवढीच, की स्पर्धेच्या फॉर्मवर 'आधीची नोकरी' या रकान्यात सरांनी 'बास्केटबॉल' लिहिलं. छप्पन साली नागपूरकडच्या एका कारखान्याने त्यांना खेळण्यासाठीच ठेवलं होतं. हजेरीपटावर मात्र सगळे खेळाडू फिटर. नऊ वर्षं ते कारखान्यासाठी ढाली जिंकत राहिले. मग गुडघा गेला, आणि त्याच आठवड्यात साहेबाला आठवलं की या फिटरला पाना धरता येत नाही.

"पटावर फिटर आहे ना? मग तेच लिहा," पुष्पलताबाई म्हणाल्या. "नवा फॉर्म आणलाय मी. बाकीचे सगळे असंच लिहितात."

"लिहू द्या त्याइले."

"तुमचंच काय असं वेगळं?"

"बाई, नऊ वर्षांत मी एक नट नाही कसला. चेंडू टाकला. त्याच्यावर जेवलो, मायले लुगडं घेतलं. आता म्हणू का, खेळलोच नाही?"

"म्हनू नका, लिहा फक्त," कालिंदी म्हणाली. "आम्ही तिथं काय तोंड पाहू एकमेकीचं?"

"तो कोपरा सुटला तुझा. सारव."

तिने शेणाचा गोळा असा आपटला की शिंतोडे बाईंच्या पातळावर गेले. आठवीत ती खांदे पाडून चालायची. पोरं तिला बिजलीचा खांबा म्हणत. 'जेवढी हायेस तेवढी दिस,' असं सांगणारा हाच माणूस. ते आठवलं आणि तिला सरांचा जास्तच राग आला; तिने सुटलेला कोपरा सारवायला घेतला.

रविवारी सर मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहिले, फुटाणेवाल्या शांताबाईच्या टोपलीशेजारी. बाकावर सरांच्या जागी छत्री घेऊन शिवण शिकवणाऱ्या सत्यभामाबाई बसल्या. "कालिंदी, आपली बाजू कोणती गं?" त्यांनी दोनदा विचारलं.

मध्यंतराला आठ गुण मागे. कालिंदी बाकाकडे गेलीच नाही. ती सरळ दोरीकडे चालली, आणि मागून अख्खा संघ.

"ए, टीम बेंचपर बैठेगी," समितीचा माणूस ओरडला.

"कहाँ लिखा है, दिखाइए," ती म्हणाली. तो नियमांचं पुस्तक चाळू लागला.

सर तिच्यापेक्षा जास्त तापले होते. "काहून आल्या इकडं? नियम मोडून जिताचं हाये का?"

"तुम्ही बाकावर बसाचं नाही, हा नियम. आम्ही इथं उभं राहू नाही, असं नाही लिहून."

दोरी मध्ये होती. सरांनी ती मुठीत घट्ट धरली होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सात नंबरची डाव्या हाताने कच्ची हाये. तिले डावीकडेच ढकला."

समितीच्या माणसाला पुस्तकात काही सापडायच्या आत शिट्टी झाली.

दोन गुणांनी हरल्या. सिवनीच्या मुली नाचल्या, लोक पांगले, समितीची जीप गेली. पुष्पलताबाईंचा कोरा फॉर्म सत्यभामाबाईंनी बाकावर वारा घ्यायला वापरला होता; तो तिथेच पडला होता. कालिंदीने त्याचे चार तुकडे केले. तरी राग गेला नाही.

सर दोरीखालून आत आले. सामना संपला होता. आता बाकावर कोणीही बसू शकत होतं.

"बसा न सर, पाय दुखत असन."

"शाळेत ठेवाचा हाये तो. धर तिकून."

एक टोक तिने धरलं, एक त्यांनी. सारवणावर टाचांचे ओरखडेच ओरखडे होते. त्यांतून दोघं चालली, आणि उजव्या पावलागणिक बाक सरांच्या बाजूने थोडा खाली जायचा, पुन्हा वर यायचा.