ताटात उरलेलं

निरुपमाबाईंना त्या घड्याळाचा राग पहिल्या दिवसापासून होता. धवलने, म्हणजे त्यांच्या लेकाने, हौसेने आणून आईच्या मनगटावर बांधलं, इथवर ठीक होतं. पण आई किती चालली हे आईच्या आधी लेकाच्या फोनला कळायचं आणि तिथून वडिलांना. संध्याकाळी विश्वंभरराव चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरत आणि म्हणत, "आज कमी चाललीस." साठीला टेकलेल्या बाईची रोज अशी हजेरी घ्यायची, ही कुठली तऱ्हा?

चालायला त्यांची ना नव्हती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की साखर वाढली आहे, वजन उतरवा, नाहीतर डोळ्यांवर येईल. दुसऱ्या कोणी हे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण निरुपमाबाईंची थोरली बहीण पादरा गावी असते आणि याच साखरेने तिची दृष्टी गेली आहे. त्या भेटायला गेल्या की बहीण त्यांचा चेहरा हातांनी चाचपते आणि विचारते, "निरू, केस पांढरे झाले का गं तुझे?" परतीच्या बसमध्ये निरुपमाबाई खिडकीबाहेरच्या पाट्या एकेक करून वाचत बसतात. वाचता येतंय ना, एवढंच बघायला.

म्हणून त्यांनी मनापासून सगळं केलं. पहाटे शेजारच्या कोकिलाबेनबरोबर सुभानपुऱ्यातल्या घरून निघायचं ते घाम फुटेपर्यंत चालायचं. चहातली साखर गेली, भात गेला. खंडेराव मार्केटमधून पिशवी भरून दुधी, मेथी, काकडी यायला लागली. त्यांच्या ताटात दोन कोरडे फुलके, वाटीभर भाजी आणि पातळ वरण, बस. कोकिलाबेन म्हणायच्या, "निरुबेन, तमे तो कंई खातां ज नथी," तुम्ही तर काही खातच नाही. आणि एवढं करून दोन महिन्यांनी वजनाचा काटा जिथल्या तिथे.

हा काटा दर रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत बघितला जाई. सगळ्यांच्या म्हणजे बापलेकांच्या. त्या रविवारी दोघांच्या मधोमध फाफडा आणि जलेबीचा पुडा उघडा होता. निरुपमाबाई काट्यावर उभ्या राहिल्या. विश्वंभरराव बोटं पुसत वाकले, आकडा पाहिला आणि सरळ झाले.

"रिफायनरीत जन्म काढलाय मी," ते म्हणाले. "हिशेब जुळत नसला की कुठेतरी चोरी असते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू चोरून खातेस."

धवल हसला. त्याला ती गंमत वाटली. वाईट हेतू नव्हता त्याचा, पण हसला, आणि आईने ते पाहिलं. विश्वंभरराव मात्र गंमत करत नव्हते. त्यांनी स्टूल घेतलं, चिवड्याचा आणि लाडवांचा डबा उचलला आणि माळ्यावर नेऊन ठेवला. स्वतःच्या घरात, स्वतः केलेले लाडू. निरुपमाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलायचं काय? आपण चोरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि काटा खोटं बोलत नाही, हेही दिसत होतं. त्या स्वयंपाकाला लागल्या.

दुपारची जेवणं झाली. विश्वंभररावांनी मसालेभात मागून घेतला आणि अर्धा तसाच ठेवला. ही त्यांची नेहमीची पद्धत. वाढताना डोळ्यांना भूक, खाताना नाही. धवलने दीड थेपला आणि बटाट्याच्या फोडी टाकल्या आणि फोन कानाला लावून तो उठला. निरुपमाबाईंनी ताटं ओट्यावर आणली. डोकं तापलेलंच होतं. चोरून खातेस म्हणे. मी. हात आपलं नेहमीचं काम करत होते. थेपल्याचा तुकडा, त्यात फोड, आणि घास तोंडाशी.

घास तोंडाशीच थांबला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग ताटांकडे. सकाळच्या पुड्यात उरलेल्या जलेब्या मघाशीच पोटात गेल्या होत्या, मुंग्या लागतील म्हणून. कालची खीर आंबट व्हायला नको म्हणून. परवाची पुरी. माहेरी आई शिकवायची की मोरीत अन्न जाऊ द्यायचं नाही, बाईमाणसाने भांडं निपटून घ्यावं. लग्न होऊन आल्यावर सासूनेही तेच शिकवलं. निरुपमाबाईंनी याला कधी खाणं म्हटलंच नव्हतं. खाणं म्हणजे ताट वाढून बसणं. हे उभ्या उभ्या होई, पदर खोचून, नळ चालू असताना. हे आवरणं होतं. डॉक्टरांनी काय खाता विचारलं तेव्हा त्यांनी दोन फुलके आणि भाजी सांगितली होती, आणि ती सांगताना त्यांच्या मनात खोट नव्हती.

आधी त्यांना रडू आलं. मग असा संताप आला की ओट्याची कड घट्ट धरावी लागली. या दोघांनी टाकायचं आणि मी गिळायचं. मी गिळायचं, माझे डोळे जायचे, आणि वर चोर कोण, तर मी. एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकाने तरी विचारलं का, की उष्टं जातं कुठे?

त्यांनी तोंडाशी आलेला घास परत ताटात ठेवला. दोन्ही ताटं तशीच झाकली आणि फ्रीजमध्ये सरकवली.

संध्याकाळी जेवायला बसायची हाक आली तेव्हा बापलेक हात धुऊन आले. निरुपमाबाईंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. त्या दोघांच्या पुढ्यात दुपारची ताटं ठेवली. थिजलेला मसालेभात, बाजूला चिवडलेली कोशिंबीर. दीड थेपला आणि फोडी.

"अगं, हे काय?" विश्वंभररावांनी विचारलं.

"तुमचं. दुपारी राहिलं होतं."

"मग गायीला घालायचं ना."

"इतकी वर्षं गायीलाच जात होतं," निरुपमाबाई म्हणाल्या. "ती गाय मी. तुम्हाला चोर पकडायचा होता ना? हा बघा. रोज तुमच्या दोघांच्या ताटांतलं मी खाते. टाकवत नाही म्हणून खाते. आज नाही खाल्लं आणि यापुढे खाणार नाही. मला माझे डोळे हवे आहेत."

धवलने ताटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. विश्वंभरराव ताडकन उठले. "एवढंच ना? फेकून देतो," म्हणत ताट घेऊन कचऱ्याच्या डब्याशी गेले. पायाने झाकण उघडलं. ताट तिरपं केलं.

आणि तसेच उभे राहिले. त्यांनाही त्यांच्या आईने तेच शिकवलं होतं. भाताचा गोळा ताटाच्या कडेपर्यंत घसरत आला, तसा त्यांनी पटकन दुसरा हात लावून तो अडवला.

"टाका ना," निरुपमाबाई म्हणाल्या. "मला रोज हेच जमत नव्हतं."

झाकण पडल्याचा आवाज झाला. विश्वंभरराव परत येऊन पाटावर बसले. भात गरम करून दे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. पहिला घास त्यांनी पाण्याबरोबर उतरवला. धवल थेपला मोडून चावत होता, फोन पालथा ठेवून.

निरुपमाबाईंनी आपले दोन फुलके सावकाश, बसून, चावून खाल्ले. वाटी स्वच्छ केली. आपलं ताट विसळून पालथं घातलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून लेकाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि चपला घातल्या.

"आता कुठे निघालीस?" विश्वंभररावांनी विचारलं.

"चालायला. आजपासून रात्रीही. कोकिलाबेन खाली थांबल्यात," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत ताटं रिकामी करा. आणि लाडवांचा डबा खाली काढा."