लाम्ब्रोसला गळा देणारी खोली

लाम्ब्रोसच्या आवाजाबद्दल डोंगरावर जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं असेल असं धरून चाला. उरलेलं निम्मंही पुरून उरेल. स्वतःच्या लग्नात तो आनंदाच्या भरात गायला, तेव्हा सासऱ्याच्या पेट्यांमधल्या मधमाशा उठल्या आणि दरी ओलांडून पलीकडच्या गावात कायमच्या राहायला गेल्या. त्या गावचा मध आज नावाजलेला आहे, पण लाम्ब्रोसचे आभार अजून कुणी मानलेले नाहीत.

त्याचा बाप मात्र गाणारा. चर्चमध्ये उजव्या हाताला उभं राहून तो जन्मभर स्तोत्रं गायला. बाप गेल्यावर ती जागा रिकामी झाली आणि लाम्ब्रोसला जगात दुसरं काही नको झालं. संत मारिनाच्या जत्रेच्या संध्याकाळी, सगळ्या गावासमोर, बाप गायचा ते स्तोत्र एकदा म्हणायचं, बस्स. एके वर्षी त्याने सुरुवात केलीही. 'प्रभू, दया कर' एवढंच म्हणाला, आणि गावाला ती दया कधी नव्हे इतकी मनापासून हवीशी झाली. त्या दिवसापासून पाद्री पापा-स्टाथिसने त्याला बंदी घातली.

"देव सगळीकडे असतो, लाम्ब्रो," पापा-स्टाथिस म्हणाला. "तू घरून म्हण. जमल्यास दुसऱ्या कुणाच्या घरून. लांबच्या."

त्या उन्हाळ्यात लाम्ब्रोस खोदकामावर मजुरी करत होता. गावाच्या वरच्या अंगाला बायझँटाईन काळातल्या मठाचे अवशेष आहेत. त्यातलं एक लहानसं चर्च तेवढं धडपणे उभं आहे, आणि संत मारिनाची जत्रा तिथेच भरते. चर्चच्या भिंतीला लागून मातीने काठोकाठ भरलेली एक खोली होती. ती रिकामी करायला अथेन्सहून एवान्थियाबाई आल्या होत्या. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी काम संपणार होतं, आणि मग रिवाजाप्रमाणे खोली पुन्हा मातीने बुजवायची होती. उघडी ठेवली तर हिवाळ्याचा पाऊस भिंती खाऊन टाकतो.

अर्धी माती निघाली तेव्हा भिंतीत गोल भोकं दिसू लागली. थापीने हळूहळू मोकळं केलं तर ती मडक्यांची तोंडं निघाली. आख्खी मडकी आडवी करून भिंतीत चिणलेली, एकाखाली एक, रांगेने.

"घुमटात अशी मडकी मी पाहिली आहेत, आवाज भरदार व्हावा म्हणून बसवायचे," एवान्थियाबाई म्हणाल्या. "पण साध्या खोलीत? इथे मठातले साधू गाण्याचा सराव करत असणार!" आणि बाईंनी आनंदाने मातीतच बसकण मारली.

लाम्ब्रोस चमच्याने एका मडक्यातली माती काढत होता. काढता काढता सवयीने गुणगुणला. मजुरांनी सवयीने कानांवर हात ठेवले, आणि मग एकेकाने खाली घेतले.

"कोण गुणगुणलं रे?"

"मी."

"चल, थापा मारू नकोस!"

थाप नव्हती. जसजसं एकेक मडकं रिकामं होई, तसतसा लाम्ब्रोसचा आवाज सुधारत जाई. खालच्या रांगेने त्याला खर्ज दिला. मधल्या रांगेने गोडवा दिला. वरच्या एका मडक्यात सरड्याने ठाण मांडलं होतं, त्याला हुसकावल्यावर तर लाम्ब्रोसचे वरचे सूरही लागले. दुसऱ्या खड्ड्यांवरचे मजूर आपलं काम टाकून याच्या मातीची घमेली वाहायला येऊ लागले. बाईंनी आधी दम दिला, मग स्वतःच एक घमेलं उचललं.

लाम्ब्रोसची बायको गारिफालिया दुपारची भाकरी, चीज आणि ऑलिव्ह घेऊन आली, तर खड्ड्यातून गाणं येत होतं. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"खाली कोण आहेत हो?"

"तुझा नवरा."

"माझ्या नवऱ्याचं गाणं मी ओळखते. मला पळून जावंसं वाटतं."

जत्रेची संध्याकाळ आली. चर्चसमोर आशीर्वादाच्या पावांची चळत लागली, बाजूला बकरा हंड्यात शिजत होता. खोली उद्या बुजणार म्हणजे जे काय ते आजच, हे लाम्ब्रोसला ठाऊक होतं. तो गुपचूप शिडीवरून खोलीत उतरला.

पापा-स्टाथिसने प्रार्थना सुरू केली. सिगारेटींनी त्याच्या घशाची अशी दशा केली होती, की 'आमेन' म्हटलं तरी कुणीतरी लाकूड कापतंय असं वाटे. त्याने श्वास घेतला तेवढ्यात भिंतीपलीकडून स्तोत्र उठलं. सगळे जागच्या जागी थिजले.

"साधू उठले गं बाई, मठातले साधू!" एक म्हातारी छातीवर क्रूस काढत म्हणाली.

"साधू कसले? हा याचा बाप!" दुसरी म्हणाली. "लाम्ब्रोसचा बाप! मी कुठेही ओळखेन हा आवाज."

खाली लाम्ब्रोसने ते ऐकलं. त्याचे डोळे भरून आले, पण सूर हलला नाही.

पापा-स्टाथिसने मात्र बरोबर ताडलं. झगा गुडघ्यापर्यंत वर धरून तो तरातरा बाहेर आला, शिडी उतरला आणि कडाडला, "गप्प!"

तो 'गप्प' सगळ्या मडक्यांत शिरला, आत फिरला आणि असा काही मधाळ होऊन परत आला, की पापा-स्टाथिसने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"गप्प," तो पुन्हा म्हणाला, खात्री करायला. मग तिसऱ्यांदा म्हणाला, तो चक्क सुरात, शेवटी छोटी तान घेऊन.

"आणखी एकदा म्हणा ना, पाद्रीबाबा," लाम्ब्रोस म्हणाला. "फार छान वाटतं."

"कधीपासून आहे हे इथे असं?"

"शेवटचं मडकं काल मोकळं झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तोंड उघडू नकोस म्हणाला होतात."

पापा-स्टाथिसने दाढी खाजवली. वर पाहिलं, तर खड्ड्याच्या कडेने गाव वाकून बघत होतं. आणि एवान्थियाबाई ओरडत होत्या, "कडेपासून मागे! अहो, मागे सरका, भिंत खाली येईल!"

"सरक जरा," पाद्री लाम्ब्रोसला म्हणाला. "तू उजवीकडे, तुझा बाप उभा राहायचा तसा. डावीकडे मी. आणि स्तोत्र पहिल्यापासून घे, मघाशी मला नीट ऐकू आलं नाही."

मग ते दोघे गायले. संध्याकाळची प्रार्थना खोलीतूनच पार पडली. आशीर्वादासाठी पाव टोपलीतून खाली सोडले आणि आशीर्वाद घेऊन वर ओढले. डोंगरावरचे लोक शपथेवर सांगतात, की त्या संध्याकाळी सूर्य नेहमीपेक्षा बराच वेळ रेंगाळला. सूर्याला विचारून कुणी खात्री केलेली नाही.

"बाई, उद्या बुजवायचं ना?" एका मजुराने हळूच विचारलं.

"आधी हे दोघे बाहेर तर येऊ देत," एवान्थियाबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून पुन्हा ऐकू लागल्या.

शेवटी गारिफालियाने कडेवरून हाक मारली, "लाम्ब्रो, वर ये आता! बकरा गार होतोय!"

"थांब गं, एकच कडवं राहिलंय!"

आणि त्याच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दोन म्हण रे, दोन!"