पाच भांडखोरांची किल्ली

यंदाच्या दुष्काळात खडकवाडीत कुणालाही विचारा, बोअरला पाणी किती? उत्तर एकच: "कुठलं पाणी, नुसता फुफाटा!" लोकांना खोटं बोलायची हौस होती असं नाही. पाणी आहे असं कळलं की सकाळी तहसीलचा माणूस बोअर ताब्यात घ्यायला हजर आणि संध्याकाळी टँकरवाला दारात. त्यामुळे सख्ख्या भावालाही कुणी खरं सांगत नसे.

आणि नेमकी खरं सांगायचीच वेळ आली. गावाला खेटून बाटलीबंद पाण्याची एक कंपनी उभी राहिली होती. पलीकडे शहर वाढत होतं, त्याला तहान होती, आणि कंपनीचा खोल पंप रात्रंदिवस चालू होता. गावाचं म्हणणं, आमचं पाणी हाच पंप ओढतो. कंपनीचा साहेब म्हणे, सिद्ध करा. तहसीलदारांनी तारीख दिली: गावातल्या सगळ्या बोअरची पातळी घालून रीतसर गणित आणा, नाही तर तक्रार निकालात काढतो. वर साहेब मानभावीपणे म्हणाला, "एवढं मोठं गणित तुमच्याकडून कुठं व्हायचं? आकडे द्या, आमचं कॉम्प्युटरचं मशीन करून देईल."

"चालंल की," मेघा म्हणाली. सगळं गाव तिच्याकडे बघतच राहिलं.

मेघा इथल्याच बौद्धवाडीतली. मागच्या एका दुष्काळात तिचे वडील घर उचलून संभाजीनगरला गेले ते परतलेच नाहीत. ती तिथं शिकली, विद्यापीठात गणितावर संशोधन करू लागली. आता तिची आत्या गोजरबाई आणि उरलेलं गाव त्याच वाटेला लागणार होतं, आणि हे काही तिला सहन होईना.

शाळेच्या ओट्यावर तिनं गावाला समजावलं. "आकडा तुमच्या फोनातच कुलपात जाईल. कुलूप न काढता मशीन त्याचं गणित करंल. उत्तरबी कुलपातच येईल. आपण कशाचं गणित केलं, ते खुद्द मशीनलाबी कळायचं नाय."

"म्हंजी घाण्याचा बैल," केरबा म्हणाला. मेंढरं राखण्यात हयात गेलेला म्हातारा धनगर, सहजासहजी कुणावर विश्वास टाकणारा नव्हे. "डोळ्याला झापड लावून गुमान फिरायचं."

"व्हय आबा, तसंच."

"अन् किल्ली कुणाकडं? तुझ्याकडं? उद्या तुलाच कुणी फोडलं तर?"

मेघाला राग आला, पण प्रश्न बिनतोड होता. "किल्लीचे पाच तुकडे करते," ती म्हणाली. "पाचही जुळल्याबिगर काहीच उघडायचं नाय. एकमेकांना सामील होणार नाहीत, असे पाच जण द्या."

"मंग भांडणारेच घ्या की!" गोजरबाईनं तोड काढली. "ते कशाला एक होतेत?"

अशा माणसांना खडकवाडीत काय तोटा! केरबा आणि त्याचा धाकटा भाऊ रामहरी, बांधावरून वर्षानुवर्षं अबोला. सरपंच पुंजाराम आणि खुद्द गोजरबाई, नळावरून हाडवैर. पाचवा किराणावाला कडुबा, त्याचं तर सगळ्यांशीच वाकडं. गावाचा भांडखोरपणा पहिल्यांदाच गावाच्या कामी आला. मग लोकांनी रोज दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला आणि फोनवर खरे आकडे भरले. कंपनीच्या पंपाचे तास तहसीलदारांनी वीजबिलावरून काढून दिले. मशीन फिरलं, आणि कुलूपबंद उत्तर आलं.

सुनावणीला मात्र चारच तुकडे हजर. रामहरीचा पत्ता नाही. केरबा असेल त्या छपराखाली पाऊल टाकणार नाही, ही त्याची जुनी शपथ. भांडणाऱ्यांकडे किल्ली दिली ती ठीकच, पण ती उघडायला त्याच माणसांना एकत्र बसवावं लागेल, हे त्या दिवशी ओट्यावर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही! साहेब घड्याळाकडे बघून गालातल्या गालात हसला.

तेवढ्यात गोजरबाईनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. रामहरी आवारात लिंबाखाली बसला होता. आला होता, पण आत यायला तयार नव्हता.

मेघा उठायच्या आधी केरबा उठला. ती धास्तावून त्याच्या मागोमाग गेली. काठी टेकत तो भावापुढे जाऊन उभा राहिला.

"राम्या, पाणीच गेल्यावर बांध घेऊन काय करायचा? चल आत."

रामहरी धोतर झटकून उठला आणि आत जाऊन बसला. मधे कडुबाला बसवलं, एवढंच.

पाच जणांनी एकामागून एक आपापला तुकडा घातला. पडद्यावर उत्तर उघडलं: गावाच्या पाण्यातली निम्म्याहून जास्त घट एकट्या कंपनीच्या पंपामुळे.

साहेब ताडकन उठला. "मशीन चुकलंय!"

"मशीन तुमचंच आहे, साहेब," मेघा म्हणाली. "आणि ते चुकलेलं नाही. त्या आकड्यांत मी गावात नसलेले काही बनावट बोअर मिसळले होते. ते गावाच्या बेरजेत धरलेले नाहीत; त्यांची वेगळी उत्तरं आधीच तहसीलदारसाहेबांकडे देऊन ठेवलीत. कुलपात खरा कुठला आणि खोटा कुठला, हे मशीनला ओळखता येत नाही. त्यानं दगा दिला असता किंवा ते चुकलं असतं, तर तिथंच सापडलं असतं."

तहसीलदारांनी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. त्याच संध्याकाळी पंपाला सील ठोकायचा आदेश निघाला.

बाहेर आवारात एकच कल्ला झाला. गोजरबाईनं मेघाला कवटाळलं, मेघाला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलंही नाही. गाव जागेवर राहणार होतं, आणि ते तिच्या गणितामुळे! एवढा आनंद तिला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

साहेब गाडीत बसता बसता थांबला. "हरलो, मान्य," तो म्हणाला. "आता एवढं तरी सांगा, सगळ्यात जास्त पाणी कुणाच्या बोअरला आहे?"

पाचही भांडखोर मेघाच्या तोंडाकडे बघू लागले.

"मला तरी कुठं माहीत, साहेब?" डोळे पुसत मेघा म्हणाली. "गणित करायला मला ते बघावंच लागलं नाही."

केरबा खदखदून हसला, आणि त्याच्याबरोबर आलेल्या धनगरांनी ढोल काढले.