माझं दोन पायांचं करडू

मी शेळी बोलतेय. दचकू नका. जन्मभर माणसांचं ऐकून घेतलंय, आता जरा तुम्ही ऐका.

दगडाच्या खाणीजवळच्या एका गोठ्यात माझा जन्म झाला. पडले, धडपडले, उठले आणि ऊन डोक्यावर यायच्या आत उड्या मारायला लागले. शेळीपण मला कुणी शिकवलं नाही. खोड्यासुद्धा उपजतच आल्या. मालकाच्या टोपीची कड मी खाल्ली, ती काही कुणाला विचारून नाही.

मालक खाणीत दगड फोडायचा. मुळातच अबोल. बोलायचा तो फक्त बायकोशी. ती बाळंतपणात गेली, मागे तान्ही पोर ठेवून, आणि त्याची वाचाच बसली. आसपास दुसरं घर नव्हतं. तो लेकीला कापसाच्या बोळ्यानं माझं दूध पाजायचा, माझ्याजवळ गवतावर ठेवायचा आणि कामाला जायचा. संध्याकाळी येऊन पुन्हा दूध पाजायचा. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. बोलला मात्र एक शब्द नाही.

मला त्या बाळाचं भारी नवल वाटायचं. माझी करडं गोठाभर नाचत होती आणि हे आपलं पडलेलंच! वाटलं, माल कच्चा आलाय. पुढे ती रांगत रांगत माझ्यापर्यंत पोचली आणि थेट प्यायला लागली. मी लाथ मारली नाही. जीव जडला होता, खोटं कशाला सांगू?

माझ्या करडांकडून ती सगळं शिकली. टक्कर द्यायला, ओठांनी पाला ओढायला, बेंबें करून हाक मारायला. कान टवकारायला तेवढं जमलं नाही, पण प्रयत्न पुष्कळ केला. मोठी झाली तरी चारी पायांवरच हिंडायची. करडं विकली जायची, ही राहायची. मला तर अभिमान वाटायचा, पोर चांगली शेळी निघतेय म्हणून.

एक दिवस गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले. गोठ्यात अंधार. एकेकीला धरून सुई टोचता टोचता त्यांचा हात एका झिपऱ्या डोक्यावर पडला, आणि ते डोकं त्यांना कडकडून चावलं. त्यांनी टॉर्च लावला आणि मटकन खालीच बसले.

"अहो, ही मुलगी कुणाची?"

"माझीच," मालक म्हणाला. आवाज पार गंजला होता. "दूध पिते. वाढली की चांगली."

"वाढायला काय, गवतही वाढतं!" डॉक्टर ओरडले.



पोरीला शहरातल्या बालगृहात नेलं. तिथं तिनं अन्नपाणी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी मलाही टेम्पोत चढवलं. अशी मी माणसांत रुळले, माझ्या करडाच्या आधी.

तिथं पोरीला सांभाळायला एक मावशी होती. बाई अखंड बडबडायची. आंघोळ घालताना, केस विंचरताना, अगदी केसांतल्या गुंत्याशीसुद्धा! "हं, आता हा पाय. आता तो हात. अगंबाई, डोळ्यात गेलं का गं?" पोरीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला वाटायचं, हिला वेड तर लागलं नाही? उत्तर येत नाही तरी बोलतेय! मी रवंथ थांबवून बघत बसायचे. हळूहळू पोर तिचं बोट धरून दोन पायांवर उभी राहिली. वाटीत बोटं घालून जेवायला लागली. पण कुठं जरा भांडं वाजलं, की चारी पायांवर धावत यायची आणि माझ्या पोटाशी डोकं खुपसायची.

बालगृहाच्या मोठ्या बाईंना ते खटकायचं.

"ही शेळी आता परत पाठवायला हवी," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, शेळी गेली तर पोर जेवायची नाही."

"आणि राहिली तर माणसात यायची नाही. आधीच उशीर झालाय, मावशी. आणखी किती थांबायचं?"

दोघींचंही खरं होतं. पोर माणूस झाली तर ती माझी राहणार नव्हती, आणि माझी राहिली तर तिचं कठीण होतं.

त्यातच माझा हावरटपणा नडला. स्वयंपाकघरामागं भिजत घातलेलं पातेलंभर धान्य मी फस्त केलं. पोट टम्म फुगलं, श्वास अडकला, मी आडवी झाले. आमच्यात अशी एखादी पडली की बाकीच्या येतात, हुंगतात आणि चरायला निघून जातात. त्यात दुष्टावा नसतो. पोर आली. तिनं मला हुंगलं आणि ती निघून गेली. मी म्हटलं, चला, आपल्या वळणावर गेली.

पण ती परत आली. दोन पायांवर, मावशीला हाताला धरून ओढत. माझ्यासमोर थांबली, माझ्याकडे बोट केलं आणि मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. मला दिसतंय ते तुलाही दिसतंय ना, असं विचारणारे डोळे. इतक्या करडांची आई झाले, पण असे डोळे मी कधी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी घशात नळी घातली, मी वाचले. मावशी हसत होती नि रडत होती. मला वाटलं, माझ्यासाठी. तो गैरसमज लवकरच दूर झाला; पोर पहिल्यांदा माणसाला बोलवायला धावली, त्याचं ते हसू-रडू होतं.

मोठ्या बाईंनी मला न्यायला मालकाला बोलावणं धाडलं. मावशी या वेळी भांडली नाही. मी निघाले तेव्हा पोर धाय मोकलून रडली, आणि रडता रडता मावशीच्या कुशीत शिरली. मला फार वाईट वाटलं. पण माझ्यासाठी रडायला तिला माणसाची कूस मिळाली, म्हणून बरंही वाटलं.

फाटकाशी उभ्या बापाकडे मात्र तिनं खांबाकडे बघावं तसं बघितलं. मावशी त्याला म्हणाली, "दादा, दर आठवड्याला या. पण मुक्यानं येऊ नका."

आमचं करडू जन्मतं तेच शेळी होऊन. तुमचं तसं नाही. त्याच्याशी कुणी बोलावं लागतं, कळत नसलं तरी बोलावं लागतं. एवढं तरी तुमच्या पिल्लांना द्या, बाबांनो. माझं दूध त्या कामाला पुरलं नाही.

आता मी म्हातारी झालेय. संध्याकाळी मालक खाणीतून येतो, माझ्यासमोर बसतो आणि घसा खाकरतो. "आज ऊन फार होतं," म्हणतो. मग पुन्हा तेच म्हणून बघतो. परवा मात्र हिय्या करून म्हणाला, "बाळा, मी तुझा बाप." आणि माझ्याकडे बघून लाजला.

उद्या भेटीचा दिवस आहे.