मी चोरीला गेलोच नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना हस्तलिखित ग्रंथ आहे. वय सहाशेच्या पुढे, पानं कातड्याची, विषय औषधी झाडपाल्याचा. तिघांनी मिळून मला लिहिलं. तिसऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण चित्रं त्याचीच सुरेख. कॉलेजच्या ग्रंथालयात माझा मोठा मान होता. पाहुणे आले की आधी मलाच बाहेर काढत.

पुढे माझी शिवण उसवली. ग्रंथपालांनी आम्हा बारा जणांना बांधणीला दिलं. बांधणारा हाताचा पक्का, पण भलताच काटकसरी. माझ्याच मापाचा एक ताऱ्यांवरचा ग्रंथ त्याच्यासमोर होता. "दोघांना एक पुठ्ठा पुरे," म्हणत त्याने मला त्या ग्रंथाच्या मागे शिवून टाकलं! मी हादरलोच.

बारा गेले, अकरा आले. बांधणारा छातीठोकपणे सांगे, "दिलं तेवढं सगळं परत केलंय." आणि ते खरंच होतं! ग्रंथपालांनी आमचा पुठ्ठा दहादा उघडला, पण पहिल्या पानापुरता. तेव्हा रीतच तशी होती. पहिली ओळ यादीशी ताडायची आणि ग्रंथ मिटायचा. शेवटी कॉलेजच्या समितीने त्या भल्या ग्रंथपालांनाच चोर ठरवून घरी बसवलं. मी त्यांच्या बोटांपासून वीतभरही दूर नव्हतो हो! पण मला कुठे तोंड होतं?

बत्तीस वर्षं अशीच अंधारात गेली. परवा नवी यादी करायला एक बाई आल्या. त्या ग्रंथपालांचीच मुलगी. त्या पानं मोजतात शेवटाकडून. मोजता मोजता त्यांचा हात थबकला.

"अहो, ताऱ्यांच्या ग्रंथात झाडांच्या मुळांची चित्रं कशी?"

"छपाईची चूक असेल, बाई," शिपाई म्हणाला.

"हाताने लिहिलेल्याला कसली आलीय छपाई!"

त्यांनी आणखी पानं उलटली. माझं पहिलं पान समोर आलं आणि त्यांनी त्यावरची ओळ जुन्या यादीशी ताडून पाहिली. लगेच त्यांनी फोन लावला.

"बाबा, झाडपाल्याचा ग्रंथ सापडला. इथेच होता. ताऱ्यांच्या पुठ्ठ्यात, मागे."

पलीकडून एक म्हातारा, कापरा आवाज आला.

"कसर नाही ना गं लागली त्याला?"

मित्रांनो, मी सुन्न झालो. माझ्यापायी ज्यांची अब्रू गेली, त्यांनी आधी माझी विचारपूस केली. आम्हाला जपणारी माणसं अशी असतात. त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी निदान आमचं शेवटचं पान तरी उलटून बघा.