परुश्यांची गल्ली

प्राध्यापक समता वानखडे खामगावहून आंजनखेड्याला आली ती एका सहीसाठी. जानराव देशमुखांचं 'प्राचीन यहुदी लोकजीवन' साठेक वर्षांपूर्वीचं पुस्तक. मराठीत या विषयावर पुन्हा कुणी एवढं मोठं काम केलं नाही, म्हणून अभ्यासक अजून त्याच्यावरच भागवत होते. पण मधल्या काळात तिकडे उत्खननं झाली, गुहांत सापडलेल्या जुन्या पोथ्यांच्या गुंडाळ्या वाचून झाल्या, विद्वानांची मतं फिरली. पुण्याच्या प्रकाशकांनी सुधारित आवृत्तीचं काम समतावर सोपवलं. जानराव कधीच गेले होते. हक्क त्यांच्या पुतण्याकडे, शेषरावांकडे होते.

शेषरावांनी चहा पाजला, कागद डोळ्यांशी धरून वाचला आणि बाजूला ठेवला.

"बाकी पुस्तकात तुमी काही बी बदला. चौथ्या प्रकरणाले हात लावाचा असन तं गावाले विचारा."

"गावाला? का बरं?"

"त्याच्यात गाव आहे."

समताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चौथं प्रकरण दोन हजार वर्षांपूर्वीच्या परुशी, सदूकी या यहुदी पंथांवर होतं. मग शेषरावांनी सगळं सांगितलं. जानराव लिहून झालेलं प्रकरण संध्याकाळी मारुतीच्या पारावर वाचून दाखवत. त्याच सुमारास वरच्या गल्लीतल्या गोविंदाशी त्यांचं बिनसलं. गोविंदा नेमाधर्माचा कडक. पाय धुतल्याशिवाय कुणाला देवळात शिरू देत नसे. जानराव भर पारावर म्हणाले, "हा आपल्या गावचा परुशी." पुस्तकात परुशी म्हणजे ढोंगी, नियमांचा देखावा करणारे, मनाने कोरडे. नाव गोविंदाला चिकटलं, मग गल्लीला. चिडलेल्या वरच्या गल्लीने जानरावांच्या खालच्या गल्लीला सदूकी ठरवलं, कारण पुस्तकातले सदूकी मंदिराच्या जिवावर गबर झालेले होते आणि देवळाची जमीन देशमुखांकडे होती. आता पोस्टमनसुद्धा 'परुशी गल्ली' एवढ्या पत्त्यावर पत्र बिनचूक टाकत होता, आणि तिथे सोयरीक करताना लोक दोनदा विचार करत होते.

ग्रामपंचायतीपुढे सतरंज्या अंथरल्या गेल्या. समताने वर्गात सांगावं तसं सांगितलं. जुन्या अभ्यासकांनी परुश्यांवर अन्याय केला. त्यांच्याबद्दलचा बराच मजकूर त्यांच्या विरोधकांनी लिहिलेला. खरं तर ते धर्म लोकांच्या घरापर्यंत नेणारे होते आणि लोक त्यांना मानत.

गोविंदाची विधवा सोजराबाई पुढेच बसली होती. "म्हंजे आमी ढोंगी नाही?"

"आजी, ते परुशी ढोंगी नव्हते. तुमचं मी कसं सांगू?"

"ते नव्हते तं आमी कसे असू, बाई?"

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर फ्लेक्स लागला: 'परुशी निर्दोष. समताताईंचे जाहीर आभार.' एका कोपऱ्यात समताचा कॉलेजच्या वेबसाइटवरचा फोटो, दुसऱ्यात इंटरनेटवरून काढलेला कुणी दाढीवाला यहुदी, आणि मधे गोविंदा, फेटा बांधून.

शेषराव फ्लेक्स पाहूनच आले. "आमचं काय लिहून राह्यल्या?"

"सदूकींबद्दल खात्रीने फार थोडं सांगता येतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं काही उरलेलं नाही."

शेषराव हळू आवाजात म्हणाले, "काकाच्या पुस्तकात आमी माजलेले होतो, मंदिर पडलं आन् संपलो. पन काहीतरी होतो. तुमी तं आमाले पुसूनच टाकलं."

खालची गल्ली सहीच्या विरोधात गेली. पुन्हा सतरंज्या पडल्या. या वेळी बौद्धवस्तीतून दयाराम आले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते समताचे लांबचे मामा लागत, पण सभेत त्यांनी नातं काढलं नाही.

"जानराव वाचत तवा आमीबी आयकत होतो. पाराच्या पल्याड बसून. वारं इकडचं असलं तं निम्मं आयकू ये. याइले परुशी म्हटलं, त्याइले सदूकी म्हटलं. आमाले काहीच म्हटलं नाही. मंग आमी कोन?"

समता म्हणाली, "मामा, नव्या आवृत्तीत तेच सांगायचंय. बहुतेक लोक कोणत्याच पंथाचे नव्हते. शेती करत, मजुरी करत, सण पाळत. सगळ्यात जास्त तेच होते, आणि जुन्या पुस्तकात त्यांना जागाच नाही."

दयारामांनी मान हलवली. "म्हंजे पुस्तक आमच्यावर होतं आन् आमालेच लांब बसवलं."

मागून कुणीतरी विचारलं, "सगळ्यात जास्त म्हंजे बहुमत तिकडं होतं काय?" समताने हो म्हटल्याबरोबर दोन्ही गल्ल्यांत कुजबुज सुरू झाली आणि दोन्हीकडची माणसं एकेक करून आपण पंथातले नव्हतोच असं सांगू लागली. दयाराम शांतपणे म्हणाले, "आमच्यात यायचं असन तं अर्ज आनून द्या. वस्तीत बसून विचार करू."

शेषराव मात्र हलले नाहीत. त्यांनी समताला घरी बसवलं आणि सदूकींची बाजू तोंडी सांगितली: मंदिराचा खर्च कोण करत होतं, राज्यकर्त्यांशी कोण बोलत होतं, आणि शिव्या कोण खात होतं. देवळाच्या जमिनीचा विषय त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाटेने व्यवस्थित टाळला. समताने सगळं लिहून घेतलं. छापता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण 'पुसून टाकलं' हे शब्द तिच्या मनातून जाईनात, म्हणून तिने चौथ्या प्रकरणाखाली एक तळटीप घातली: 'या विवेचनाला आंजनखेड्याच्या सदूकींची हरकत आहे.' शेषरावांनी ती दोनदा वाचली आणि सही केली.

पुण्यात संपादकांनी तळटीप वाचली, आदराने तशीच ठेवली. आवृत्ती निघाल्यावर मुंबईच्या एका संशोधकाने समताला फोन करून विचारलं, आंजनखेड्याच्या उत्खननाचा अहवाल कुठे मिळेल.

समता प्रती घेऊन गावात गेली. सोजराबाईने तिच्याकडून नवं प्रकरण वाचून घेतलं, पदराने पुस्तक पुसलं आणि म्हणाली, "आता जुन्यातलं वाच."

"ते कशाला, आजी? ते आता रद्द झालं."

"बायामानसाले पारावर कोन बसू देत होतं? साठ वर्षं नाव सोसलं, पन काय लिवलं होतं ते कवाच नाही आयकलं."

समताने नाइलाजाने जुनी प्रत काढली. परुशी लोकांसमोर लांबलचक प्रार्थना करतात, जेवायला मानाची जागा धरतात, घरच्यांवर नियमांचं ओझं लादतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. सोजराबाई डोळे मिटून ऐकत होती. मधेच तिला हसू फुटलं, मग ते आवरेना.

"बाई," ती म्हणाली, "बाकीच्या परुश्याइचं मले मालूम नाही. पन आमच्या मालकाचं जानरावनं बरोबर लिवलं होतं."