मांडवाचे नऊ खड्डे

माझ्या लेकीचं, पुष्पलताचं लग्न १९७२ च्या वैशाखात झालं. त्याच्या नऊ दिवस आधी वारासिवनीच्या मैदानात मी माझ्या भाटव्यांना रांगेत उभं राहून बंदूक खाली ठेवताना पाहिलं. भाटवे म्हणजे डोमाजी, माझ्या मोठ्या बहिणीचा, कमलाबाईचा नवरा.

वर कापडी छत, खाली सतरंज्या. शहरातून आलेले साहेब मंचावर खुर्चीत बसले होते. एकेक माणूस टेबलावर बंदूक ठेवायचा. साहेब त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचे, हातात फावडं द्यायचे. फोटोवाला म्हणायचा, "इधर देखिए." फोटो निघाला की चपराशी मागून यायचा, त्या माणसाच्या हातातलं फावडं काढून घ्यायचा आणि पुन्हा साहेबांच्या हाताशी नेऊन ठेवायचा. बारा माणसं होती आणि फावडं एक.

भाटवे खाली उतरून आले तेव्हा गळ्यात हार होता, हात रिकामे होते.

"फावडं कोठी हाय?" मी विचारलं.

"थे दाखवाचं होतं," ते म्हणाले. "हार नेऊ देऊन राह्यले, थेच पुष्कळ."

तेव्हा मी हसलो होतो. आज त्या हसण्याची मला किळस येते.

भाटवे डाकू नव्हते. सहा वर्षांपूर्वी एका टोळीनं खैरलांजीकडच्या गावांत घरं फोडली, तेव्हा सरकारनं गावोगावची धट्टीकट्टी माणसं निवडून त्यांना बंदुका दिल्या आणि रक्षा दल उभं केलं. आमच्या जातीचे मुखिया दादाजी. त्यांनीच भाटव्यांचं नाव दिलं. सहा वर्षं भाटवे रानात पहारा देत फिरले आणि इकडं धानाची शेती माझ्या बहिणीनं एकटीनं ओढली. त्या सहा वर्षांत त्यांनी एकच गोळी झाडली, तीही रानडुकरावर. ती चुकली, हे ते स्वतःच सांगायचे.

मग दल मोडलं. बंदुका जमा करायला या म्हणून निरोप आला. त्याच दिवशी त्याच मैदानात टोळीवाले शरण येणार होते. बारा येणार म्हणून साहेबांना कळवलं होतं, आले पाच. तेव्हा एक बाबू दलाच्या माणसांकडं आला आणि म्हणाला, "तुम्हाले बंदूक जमाच कराची हाय ना? मंग इथंच करा. दो मिनट का काम है." सात जण उठून त्या रांगेत गेले. बंदूक द्यायची ती द्यायची, इथं काय आणि तिथं काय, असं त्यांना वाटलं. खाली उतरताना एका कागदावर अंगठा घेतला आणि त्याची नक्कल हातात दिली. जमीन मिळेल, जंगलखात्यात चौकीदारी मिळेल, असं लाऊडस्पीकरवरून सांगितलं होतं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "भाटवे, तुमी थ्या रांगेत काहून गेलते?"

"तिकडं सावली होती बाबू," ते म्हणाले. "आमाले सकाळपासून उन्हात बसवलं होतं."

कागद ना त्यांना वाचता येत होता, ना मला. तिसऱ्या दिवशी दादाजींनी तो पारावर बसून मोठ्यानं वाचला. "आत्मसमर्पित डाकू डोमाजी." एवढं वाचून त्यांनी कागदाची घडी केली आणि भाटव्यांच्या हातात दिली.  घरोघर त्याच दिवशी बोलणं सुरू झालं.

आमच्यात मांडवाचे खड्डे घरच्या जावयानं खणायचे असतात. मांडवाचा पहिला खांबही तोच उभा करतो. हा त्याचा मान. सहा वर्षं रानात काढल्यामुळं भाटव्यांचा कुणाच्या मांडवाला हात लागला नव्हता. ते कमलाबाईला म्हणाले होते, "एक खांब उभा केला का मी घरचा झालो." लग्नाच्या दोन दिवस आधी, उजाडता उजाडता, ते आपली सब्बल, खणायची पहार, घेऊन माझ्या अंगणात आले. हातानं अंतर मोजत त्यांनी नऊ खड्डे खणले. वैशाखातली जमीन दगडासारखी झालेली. पाठ घामानं भिजली, पण मधे पाणी प्यायलाही ते थांबले नाहीत.

नववा खड्डा झाला आणि दादाजी आले.

"शालिक, हे खड्डे बुजव."

"काहून जी?"

"डाकूच्या हातचा मांडव हाय हा. तुहे व्याही तिरोडीचे. त्यायले कळलं तं वरात वाटेतूनच मांगं फिरन."

"भाटवे डाकू नाही जी. दलात नाव तुमीच तं देल्लं होतं."

"मी नाव देल्लं थे पहाऱ्याले. कागद मी लिहिला का? अंगठा कोणाचा हाय त्याच्यावर?"

भाटवे तिथंच सब्बल धरून उभे होते. दादाजींनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दादाजींच्या घरी भिंतीवर त्यांची दुनळी बंदूक टांगलेली होती. ती जमा कर म्हणून त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

मी घरात पाहिलं. पुष्पलता बायकांमध्ये बसली होती. पोरगी सगळं ऐकत होती. वरात परत गेली तर तिचं काय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हे मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी दादाजींना भ्यालो. मी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि भाटव्यांनी खणलेला पहिला खड्डा बुजवायला लागलो.

तिसऱ्या खड्ड्याशी आलो तेव्हा भाटवे बोलले.

"माती दाबून भर शालिक. लग्नघर हाय. अंधारात कोणाचा पाय मुरगळन."

बुजवलेल्या खड्ड्यांपासून हातभर सरकून माझ्या चुलतभावाचा जावई हिरालाल यानं नवे नऊ खड्डे खणले. त्याला खणता येत नव्हतं. दोन खांब वाकडेच राहिले.

वरात आली. लग्न झालं. पंगतीत दादाजी पहिल्या पानावर बसले आणि बुंदी मागून मागून खाल्ली. त्यांच्या मिशीत बुंदीचा दाणा अडकला होता आणि ते व्याह्यांना सांगत होते, "आमच्या इकडं सारं कसं शिस्तीत असते." भाटवे मागं गोठ्यात बैलांजवळ बसले होते. कमलाबाईनं पान तिकडं नेलं. त्यांनी अर्धं खाल्लं, अर्धं बैलांना घातलं. मी पंगतीत वाढत होतो. गोठ्याकडं मी गेलो नाही.

जमीन मिळाली नाही, चौकीदारीही नाही. गावात भाटव्यांना कुणी कामावर बोलावेना, म्हणून ते वारासिवनीला राईस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागले. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

१९७४ च्या हिवाळ्यात आमच्या शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. गुरुजी विचारायचे, "शालिकराम, आता शिकून काय करता?" मी म्हणायचो, "एक कागद वाचाचा हाय जी."

वाचता यायला लागलं तसा मी बहिणीकडं गेलो. तिनं पेटीच्या तळातून कागद काढून दिला. अर्धी सकाळ मी बोट ठेवून वाचत बसलो. पहिली ओळ दादाजींनी वाचली तशीच होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "इनके विरुद्ध कोई अपराध दर्ज नहीं है." मी ती तीनदा वाचली. दादाजी सातवी शिकलेले. ती ओळ त्यांना दिसली नसेल, हे मला पटत नाही. दिसली आणि त्यांनी ती पोटात ठेवली, असंच मी मानतो.

भाटवे अंगणात दोरी वळत बसले होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

"भाटवे, याच्यात लिहून हाय, तुमच्यावर कोणताच गुन्हा नाही."

"हौ," ते म्हणाले. दोरीवरून त्यांचा हात थांबला नाही. "थे मले कागदाबिगर ठाव होतं." मग त्यांनी विचारलं, "तुले नव्हतं का?"

मी कागदाची घडी केली. एवढ्या वर्षांनी अक्षरं शिकून मी त्यांना जे सांगायला आलो होतो, ते मला बहात्तर सालीच माहीत होतं. फावडं हातात घेतलं तेव्हाही माहीत होतं. मी त्यांच्याकडं पाणीसुद्धा न पिता निघालो.

माती मी दाबून भरली होती, तरी ती खचली. पावसाळ्यात माझ्या अंगणात त्या नऊ जागी पाणी साचतं. नवे खांब उभे होते तिथली जमीन मात्र सपाट आहे. नातवंडं विचारतात, मी सांगत नाही.

भाटव्यांच्या मयतीला दादाजी आले होते. लाकूड ठेवायला तेच सगळ्यांच्या पुढं होते. सरणाजवळ उभं राहून ते म्हणाले, "मोठा इमानदार माणूस गेला."  ते ऐकून मी नदीकडं गेलो आणि सगळे परतल्यावरच वर आलो.

डोमाजी १९७७ च्या पौषात, सोमवारी सकाळी, राईस मिलच्या ओसरीत वारले. पोतं पाठीवरच होतं.